लुगड्याचा कडता

"शुगर तुमच्या आईला आहे, तुम्हाला नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांना सांगितलं की रिपोर्ट बदलले असणार.

तसं म्हणायला मला कारण होतं. आम्ही मायलेकी त्यांच्या टेबलासमोर शेजारी शेजारी बसलो होतो. मी खुर्ची भरून, आणि आई खुर्चीच्या काठावर, उठायच्या बेतात असल्यासारखी. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे. पोटऱ्या वाळक्या. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही विचारलं असतं, की बाबा, या दोघींतली साखरेचा आजार असलेली कोण, तर त्याने माझ्याकडेच बोट केलं असतं. आईला दवाखान्यात आणलं होतं ते पायाच्या जखमेसाठी. माझं रक्त दिलं होतं ते केवळ वहिनी म्हणाली म्हणून. "ताई, जातच आहात तर तुमचीपण तपासून घ्या," एवढंच ती म्हणाली होती. ताई जाड आहेत, हे तिने न बोलता सांगितलं होतं.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटं यंत्र काढलं, आईच्या बोटाला टोचून थेंबभर रक्त त्यात घेतलं. आकडा तीनशेच्या वरच आला. आईने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"माझा हाय का तो?" तिने विचारलं. जणू कोणाची तरी वस्तू चुकून तिच्या हातात आली होती.

हे लिहिते आहे ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरात अशी एखादी काटक, कामसू, "मला काय धाड भरलीय" म्हणणारी बाई आहे त्यांच्यासाठी. जाड माणसाची काळजी सगळेच करतात. बारीक दिसणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, आणि ती तर स्वतःकडे बघतच नाही.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, निशिगंध आणि थोडा गुलाब. त्या मळ्यातून कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, सायकल घेऊन दिली आणि आईने माझ्या वाटणीची फुलं वर्षानुवर्षं स्वतः तोडली, तेव्हा कुठे मी बी.ए. झाले, पुढे बी.एड. केलं आणि देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत शिकवायला लागले. आबा गेल्यावर मळा भाऊ आणि वहिनी बघू लागले. तोडणीला मजूर आले, पाण्याला ठिबक आलं. आईचं कामही बदललं. ती ओट्यावर बसून हार गुंफायला लागली. दिवसभर मांडीत फुलं, तोंडाने गप्पा आणि थोड्या थोड्या वेळाने गोड चहा. आम्हाला वाटलं, बाईला सुख लागलं. पोट जरा सुटलं, तर मळ्यातल्या बाया म्हणाल्या, सुखाचं पोट आहे.

आता जखमेचं सांगते. डाव्या पायाच्या करंगळीजवळ गुलाबाचा काटा मोडला होता. तो कधी मोडला, हे आईला माहीतच नव्हतं. वहिनीला आंघोळीच्या दगडावर पू दिसला, तेव्हा कळलं. आईने हळद भरली, मग तंबाखू भरली, मग चिंधी बांधली. दुखत नाही म्हणजे बरी होतेय, असा तिचा हिशोब. तिला तहान फार लागायची, रात्री सारखं उठावं लागायचं, तेही तिने उन्हावर आणि वयावर ढकललं.

मॅडमनी चिंधी सोडली. पिनेच्या बोथट टोकाने त्या तळव्याला जागोजागी टोचत विचारत गेल्या, "कळतंय का?" आई छताकडे बघून म्हणाली, "टोचा की आता." त्या केव्हाच्या टोचत होत्या.

त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा लागतो, पण खबर पोहोचत नाही. मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. हाडापर्यंत लागण गेली आहे का, ते एक्स-रेत कळेल म्हणाल्या. "पाय वाचवायचा आपण प्रयत्न करू. करंगळीचं मी आत्ता सांगत नाही." मला पाय आणि प्रयत्न हे दोनच शब्द ऐकू आले. त्याच दिवशी आईला दाखल केलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले असताना मला एकच गोष्ट खात होती. आईची अशी एक तपासणी आधीही झाली होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या मळ्याजवळच्या शाळेच्या व्हरांड्यात बायकांसाठी आरोग्य शिबिर झालं होतं. फुकट होतं, आणि चांगलं होतं. वजन, उंची, कंबर असं सगळं मोजलं. वजन आणि उंचीवरून बीएमआय काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने एकदा भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागायचं. आई चार फूट दहा इंच आणि अठ्ठेचाळीस किलो. तिचा आकडा आला बावीस. माझा आला एकोणतीस. तिच्या चिठ्ठीवर "उत्तम", माझ्या चिठ्ठीवर "लठ्ठ". ती चिठ्ठी घेऊन मी परत निघाले तेव्हा रांगेतल्या बाया म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आईच्या वाटचंपण तुम्हीच खाता का?" मीही हसले. काय करणार.

मग कंबर. टेप घेऊन बसलेली मुलगी नवी होती, लाजरी होती. आई नऊवारी नेसते. आमच्याकडे त्याला लुगडंच म्हणतात. नऊ वार कापड, कमरेला मारलेली गाठ, निऱ्यांचा जुडगा, काष्टा, आणि कनवटीला खोचलेली मिश्रीची डबी. पोट उघडं करा असं आईला सांगायची त्या पोरीची छाती झाली नाही, आणि आईने तर ते ऐकलंच नसतं. टेप लुगड्यावरूनच फिरला. माप आलं छत्तीस इंच.

मुलगी गोंधळली. तिने विचारलं, "मावशी, लुगड्याचे किती वजा करू?"

इथे कडता म्हणजे काय ते सांगावं लागेल. फुलबाजारात आपली पाटी काट्यावर गेली, की व्यापारी म्हणतो फुलं ओली आहेत, पाटी जड आहे, आणि वजनातून थोडं आधीच कापून टाकतो. ते कापलेलं वजन म्हणजे कडता. आईचा सगळा जन्म या कडत्याशी भांडण्यात गेला. ती पाटी रिकामी करून वेगळी तोलायला लावायची. फुलं पहाटे फडक्यावर पसरून दव झटकायची आणि व्यापाऱ्याच्या तोंडासमोर मूठ उघडून म्हणायची, दाव कुठंय पाणी. बाजारात तिला बघून लोक काटा नीट धरायचे.

त्या दिवशी मात्र ती ऐटीत म्हणाली, "काप की पाच इंच. नऊ वार गुंडाळलंय बाई, काय थट्टा हाय का."

सगळा व्हरांडा हसला. मुलीने पाच वजा केले, एकतीस लिहिले. बाईची कंबर साधारण साडेएकतीसच्या आत, म्हणजे ऐंशी सेंटीमीटरच्या आत असावी, असं तिच्या तक्त्यावर होतं. आई बसली त्यात. ज्यांची कंबर जास्त भरली, त्यांना तिथेच साखर तपासायला रक्त द्यायला सांगत होते. मी त्या रांगेत उभी राहिले. आई रिकाम्या डब्यात फुलं भरायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पदराकडे, मग आईच्या पोटाकडे पाहिलं आणि नर्सला टेप आणायला सांगितलं. सोबत एक चिमटाही आणवला. त्याला स्किनफोल्ड कॅलिपर म्हणतात. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजतात, त्यावरून कातडीखालच्या चरबीचा अंदाज येतो. आईच्या दंडात चिमट्याला धरायलाच काही सापडेना.

"चिमटे काय घेता? मी काय अभ्यास नाय केला का?" आई म्हणाली. शेजारच्या खाटेवरची आजी खुदकन हसली.

"हा चिमटा म्हणतो, तुम्ही बारीक आहात," मॅडम म्हणाल्या. "वजनकाटाही तेच म्हणतो. आता टेप काय म्हणतो ते बघू. मावशी, लुगडं सैल करावं लागेल."

आईने कमरेच्या गाठीवर हात घट्ट धरला. भरती होतानाही तिने दवाखान्याचे कपडे घालायला नकार दिला होता. लुगडं सोडून परक्या जागी झोपायचं हे तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं. आबा गेल्यावरही तिने लुगड्याची रीत बदलली नव्हती. डोंगराएवढं दुखणं चालेल, पण हे नाही.

"वरूनच घ्या," ती म्हणाली. "पाच इंच कडता कापा. शिबिरात कापला व्हता."

मॅडमना कडता माहीत नव्हता. त्यांनी खाटेच्या काठावर बसून विचारलं. आईला तो विषय मिळाल्यावर काय विचारता. पट्टी बांधलेला पाय विसरून ती सांगायला लागली. ओली फुलं, पाटी, काटा, कोण कसा लबाड, कोणाला तिने कसं धरलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सहज विचारलं, "मावशी, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी स्वतःच्या तोंडाने कडता दिलात का कोणाला?"

"मी? मेले तरी नाय."

"मग शिबिरात का दिलात?"

खिडकीबाहेर बघत आईने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग मला म्हणाली, "पडदा वढ, नंदे."

मी पडदा ओढला. मॅडमनी आधी लुगड्यावरूनच टेप फिरवला, माप आजही छत्तीसच आलं. आईने कनवटीची डबी काढून माझ्या हातात दिली. मग गाठ सोडली. निऱ्या खाली आल्या, आणि त्या सगळ्या कापडातून एक छोटीशी बाई बाहेर आली. काटकुळे पाय, बारीक हात, आणि मधोमध घट्ट, गोल पोट. जखमेच्या पायावर भार न देता ती माझा खांदा धरून उभी राहिली. मी तिची मुलगी, तिच्याच कुशीत वाढलेली, पण तिला मी कधी अशी पाहिलीच नव्हती.

मॅडमनी बरगडीचं शेवटचं हाड चाचपलं, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपला, आणि त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरला. आवळला नाही, सैलही सोडला नाही. "श्वास सोडा मावशी. पोट आत ओढायचं नाही." माप आलं साडेचौतीस. नऊ वार लुगड्याचा खरा भार दीड इंच होता. वरचा साडेतीन इंच कडता आईने स्वतःच्या हाताने फुकट दिला होता.

मग कुल्ल्यांचं, सगळ्यात रुंद जागी माप घेतलं. छत्तीस. कमरेला कुल्ल्याने भागलं की वेस्ट-हिप रेशो मिळतो, म्हणजे बाईचा घेर वर जास्त आहे की खाली, ते कळतं. बाईचा पॉइंट पंच्याऐंशीच्या आत हवा. आईचा पॉइंट पंच्याण्णवच्या वर होता. तिथेच मॅडमनी माझंही मोजलं. कंबर तेहेतीस, खालचा घेर बेचाळीस. रेशो पॉइंट एकोणऐंशी.

मला क्षणभर जिंकल्यासारखं झालं. मॅडमनी लगेच जमिनीवर आणलं. "तुमचीही कंबर हवी त्यापेक्षा जास्तच आहे. तुम्ही सुटलात असं समजू नका. फक्त तुमची चरबी जास्त करून मांड्यांवर आणि खाली आहे, ती दिसते तेवढी दुष्ट नाही. आईंची पोटाच्या आत आहे, आतड्यांच्या भोवती, यकृताच्या भोवती. तिला व्हिसरल फॅट म्हणतात. ती चिमट्यात येत नाही, आणि वजनकाट्याला हात कुठले, पाय कुठले, पोट कुठलं हे कळत नाही. तो सगळ्याची एकच बेरीज सांगतो."

मी शिक्षिका, म्हणून मला ते असं समजलं. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून मागच्या बाकावरचं पोर पास होत नाही. त्याची वही वेगळी उघडावी लागते.

ऑपरेशनला नेताना आईने स्वतःच दवाखान्याचा झगा मागितला. लुगडं घडी करून माझ्या मांडीवर दिलं. डिब्राइडमेंट करणार होते, म्हणजे सडलेला भाग कापून जखम स्वच्छ करणं. हाड किती खराब आहे ते आत गेल्यावर कळणार होतं. मी त्या बाकावर लुगड्याची घडी छातीशी धरून बसले. त्याला निशिगंधाचा आणि मिश्रीचा वास होता. भाऊ चहा घेऊन आला, तो तसाच थंड झाला. आमच्या दोघांच्याही मनात एकच होतं. ही बाई फुलांच्या वाफ्यातून चालायची राहिली, तर मग ती कोण राहील?

मॅडम आणि सर्जन बाहेर आले. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी शब्द जुळवत बसले. तीच म्हणाली, "गेलं ना बोट?" मी मान हलवली. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या पायाकडे तिने बराच वेळ पाहिलं. "बारकंच व्हतं," ती म्हणाली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

त्यानंतरचं काम मोठं नाही, पण कंटाळवाणं आहे, आणि ते सगळ्यांना सांगायला हवं. इन्सुलिन आधी नर्सने दिलं, मग वहिनी द्यायला शिकली. पुढे गोळ्यांवर आलं. चहातली साखर गेली, तेव्हा आईने तीन दिवस चहाच सोडला, मग बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवत ठेवत तो पिऊ लागली. मऊ तळाच्या चपला आल्या. रोज संध्याकाळी वहिनी तिचे तळवे आरशात बघते, कारण ते पाय आता आपलं दुखणं आपण सांगत नाहीत. हार गुंफणं चालू आहे, पण मध्ये मध्ये उठून ती वाफ्यांना एक फेरी मारते. पहिल्यांदा चालली तेव्हा बदकासारखी डुलत होती. मजूर बाया हसल्या. "हसा," ती म्हणाली, "मी शेवंती तुडवीत नाय म्हंजे झालं."

एक गोष्ट मात्र मला शिकवावी लागली नाही. मळ्यातली कोणी बाई चहाला आली आणि पोटावरून हात फिरवत "सुख हाय" म्हणाली, की आई तिला आतल्या खोलीत नेते. दार लोटते. "सोड लुगडं," म्हणते. टेप तिच्या हारांच्या सुया-दोऱ्याच्या डब्यात असतो. टेपवरचे बारीक आकडे तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी ऐंशी सेंटीमीटरवर लाल दोरा शिवून दिला आहे. टेप दोऱ्याच्या पुढे गेला, की आई त्या बाईला दवाखान्यात पाठवते. नाही ऐकलं, तर स्वतः सोबत जाते. एकदोघींची साखर अशी वेळेत सापडली. त्यांची बोटं शाबूत आहेत.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. वजन करा, बीएमआय काढा, ते खोटं नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. कंबर उघड्या अंगावर मोजा. लाज वाटली तर घरच्या बाईकडून मोजून घ्या. आणि मोजल्यावर वजाबाकी करू नका.

त्या मॅडमचे, त्या वॉर्डातल्या नर्सचे आणि माझ्या वहिनीचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. म्हणून हे लिहिलं.

दर महिन्याला एका रविवारी मी मळ्यावर जाते आणि आईची कंबर मोजते. आता ती लाल दोऱ्याच्या बरीच जवळ आली आहे. आमच्याकडे मिठी मारायची पद्धत नाही. मोठं झाल्यावर आईच्या गळ्यात पडायला सासरी जायला निघावं लागतं, आणि तेही एकदाच. पण टेप मागून पुढे घ्यायचा म्हणजे दोन्ही हात तिच्याभोवती घालावे लागतात, गाल तिच्या खांद्याला टेकतो. ती श्वास सोडते. मी टेप जुळवते, आणि जुळला तरी थोडा वेळ तसाच धरून ठेवते.

"किती येळ मोजतीस गं?" ती म्हणते.

"नीट मोजते," मी म्हणते.

मग ती तशीच उभी राहते.